लाखाच्या वरचा लॅपटॉप: जे नंतर बदलता येत नाही, ते आधी तपासा

लाख-दीड लाखाच्या लॅपटॉपची जाहिरात प्रोसेसरपासून सुरू होते आणि हल्ली एआयवर संपते. पण असा लॅपटॉप दोन-तीन वर्षं वापरलेल्या लोकांच्या तक्रारी ऐका, त्यात प्रोसेसर क्वचितच येतो. बॅगेतल्या बॅगेत मशीन तापून बॅटरी उतरली. रॅम अपुरी पडतेय पण वाढवता येत नाही. पडद्याकडे तासभर बघितलं की डोकं धरतं. चार्जिंगचं पोर्ट सैल झालं आणि सर्व्हिस सेंटरने अख्खा मदरबोर्ड बदलायला सांगितला. पुढच्या पिढीच्या महागड्या लॅपटॉपकडून लोकांना काय हवंय, ते या तक्रारींतच लिहिलेलं आहे. कंपन्या ते कधी देतील ते देतील. आज बाजारात जे आहे त्यातूनही यातलं बरंच मिळवता येतं, फक्त कुठे बघायचं ते ठाऊक हवं.

साधा नियम असा: पेनड्राइव्ह, माउस, बाहेरचा मॉनिटर, हे सगळं नंतर घेता येतं. रॅम, पडदा, कीबोर्ड, बिजागऱ्या, पंखा आणि पोर्टं पहिल्या दिवशी जी मिळतील तीच पाच वर्षं वापरायची असतात. वेळ आणि पैसा इथे घाला.

रॅम: एकदाच ठरवायची गोष्ट

पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बहुतेकदा बोर्डावर सोल्डर केलेली, म्हणजे कायमची डाखलेली असते. ॲपलच्या एम मालिकेत ती चिपच्याच पॅकेजमध्ये आहे. इंटेलच्या २०२४ मध्ये आलेल्या लुनार लेक चिपांमध्येही तसंच आहे आणि तिथे १६ किंवा ३२ जीबी हे दोनच पर्याय आहेत. यामागे नुसता कंपनीचा लोभ आहे असं नाही. कमी वीज खाणाऱ्या एलपीडीडीआर रॅमला प्रोसेसरच्या अगदी जवळ बसावं लागतं, जुन्या पद्धतीच्या लांब सॉकेटमधून तिला तो वेग पेलत नाही. त्यावर उपाय निघाला आहे. एलपीकॅम२ नावाचं चपटं मॉड्यूल स्क्रूने बोर्डावर बसतं आणि काढता येतं. या घराण्याचं मानक मेमरीची मानकं ठरवणाऱ्या जेडेक संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं आणि २०२४ च्या लेनोवो थिंकपॅड पी१ च्या सातव्या पिढीत असं मॉड्यूल आलंही. पुढच्या पिढीकडून मागायची पहिली गोष्ट हीच. पण अशी मॉडेलं अजून मोजकीच आहेत, म्हणून ती डोळ्यांपुढे ठेवून खरेदी लांबवू नका.

दुकानातल्या डेमो मशीनवर रॅम कशी आहे ते अर्ध्या मिनिटात कळतं. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा, उजवीकडे खाली फॉर्म फॅक्टर बघा. तिथे ‘रो ऑफ चिप्स’ असेल तर रॅम सोल्डर केलेली आहे. ‘एसओडिम’ असेल तर काढता-घालता येते.

सोल्डर असेल तर १६ जीबी हे आजचं किमान आहे आणि पाच वर्षांचा विचार असेल तर ३२ घ्यावी. मायक्रोसॉफ्टच्या कोपायलट प्लस पीसीची, म्हणजे एआयच्या सोयी असलेल्या विंडोज लॅपटॉपांची, किमान अटच १६ जीबी आहे. ब्राउझरच्या तीस-चाळीस टॅब, एक व्हिडिओ कॉल, एक्सेलची मोठी फाइल आणि व्हॉट्सॲप एवढ्यात १६ जीबी दाटीवाटीने पुरते. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढले आहेत, त्यामुळे ३२ चं मॉडेल अंगावर येतं हे खरं. तरीही बजेट ताणायचंच असेल तर प्रोसेसरची वरची पायरी सोडा आणि रॅमची वरची पायरी घ्या.

फाइली साठवणाऱ्या एसएसडीचं उलट आहे. बहुतेक विंडोज लॅपटॉपमध्ये ती एम.२ प्रकारची आणि बदलता येणारी असते, त्यामुळे ५१२ जीबीवर सुरुवात करायला हरकत नाही. फक्त लांबी आधी पाहून ठेवा. २२८० म्हणजे ८० मिलिमीटर लांब, तिला बाजारात भरपूर पर्याय आहेत. २२४२ आणि २२३० लहान असतात, पर्याय कमी आणि जीबीमागे भाव जास्त. मॅकबुकमध्ये मात्र हा विचारही पहिल्याच दिवशी करायचा.

पडदा: देवनागरी वाचणाऱ्याचे निकष

माहितीपत्रकातला रंगांचा टक्का फोटो-व्हिडिओवाल्यांसाठी. दिवसभर मराठी वाचणाऱ्या-लिहिणाऱ्याला आधी घनता बघायला हवी. १४ इंची पडदा १९२० बाय १२०० चा असेल तर इंचाला साधारण १६२ पिक्सेल मिळतात. २८८० बाय १८०० ला साधारण २४३. इंग्रजी अक्षरं दोन्हीकडे नीट दिसतात. पण ‘र्‍या’, ‘ष्ट्य’, ‘द्ध’ अशी जोडाक्षरं आणि शिरोरेघेवरचे रफार-अनुस्वार कमी घनतेला चिकटतात. दुकानात एखादं मराठी वर्तमानपत्राचं संकेतस्थळ उघडून लहान अक्षरातली बातमी वाचा, फरक लगेच जाणवेल.

ज्याचा प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो, तो ओएलईडी पडदा सुंदर दिसतो. काळा रंग खरोखर काळा असतो. पण त्याचे दोन-तीन स्वभाव आधी समजून घ्या. एक म्हणजे चकाकी. मागे ट्यूबलाइट किंवा खिडकी असेल तर काळ्या पानावर स्वतःचा चेहरा दिसत राहतो. दुसरं म्हणजे कमी घनतेच्या ओएलईडीवर अक्षरांच्या कडांना किंचित रंगीत झाक येते. तिसरं आणि सर्वांत महत्त्वाचं, लुकलुकणं. असे बरेच पडदे उजेड कमी करण्यासाठी सेकंदाला काहीशे वेळा विझतात आणि पेटतात. २४० वेळा हा आकडा लॅपटॉपमध्ये बराच आढळतो. डोळ्याला ते दिसत नाही, पण काही जणांना तासाभरात डोकेदुखी होते.

याची चाचणी दुकानातच होते. पडदा पांढरा करा, उजेड २० ते ३० टक्क्यांवर आणा आणि पडद्यासमोर पेन्सिल भराभर आडवी हलवा. पेन्सिलीची सावली सलग पुसट पट्टा दिसली तर ठीक. तुटक-तुटक अनेक पेन्सिली दिसल्या तर पडदा कमी वेगाने लुकलुकतोय. फोनच्या स्लो मोशन कॅमेऱ्यातून बघितलं तर काळे पट्टे सरकताना दिसतील. घरात कुणाला अर्धशिशीचा त्रास असेल तर ही चाचणी चुकवूच नका. मागून उजेड मिळणारा नेहमीचा एलसीडी, म्हणजे आयपीएस पडदा, त्या घरासाठी सुरक्षित निवड आहे, फार तर काळा रंग थोडा राखाडी दिसेल.

उजेड निट्समध्ये मोजतात. खिडकीशेजारी बसून काम असेल तर ४०० निट्स हवेत, पडदा चकचकीत असेल तर ५००. तीनशेचा पडदा आतल्या खोलीत चालतो, गॅलरीत चालत नाही.

कीबोर्ड

मराठी टायपिंगची इनस्क्रिप्ट ही कळरचना वापरणाऱ्यांनी उजवीकडची बटणं मोजून-मापून बघावीत. ‘च’ आणि ‘ट’ एंटरच्या डाव्या बाजूला, ‘ड’ कंसाच्या बटणावर आणि ‘ऑ’ची मात्रा उलट्या तिरक्या रेघेच्या बटणावर असते. जागा वाचवण्यासाठी काही १३-१४ इंची लॅपटॉपांत नेमकी हीच बटणं अरुंद केलेली असतात. इंग्रजी टाइप करणाऱ्याला ते कळतही नाही, मराठी लिहिणाऱ्याची करंगळी मात्र दर ओळीला चुकते. नोटपॅड उघडून ‘चटकन, डॉक्टर, टेबल, चांगलं’ असे शब्द पाच-सहा वेळा लिहा.

बटण किती खोल दाबलं जातं तेही बघा. १.३ ते १.५ मिलिमीटर असेल तर दिवसभर लिहिता येतं. १ मिलिमीटरच्या आसपास बोटं जणू टेबलावर आपटतात. नव्या विंडोज लॅपटॉपांत पुष्कळदा उजव्या कंट्रोलच्या जागी कोपायलटचं बटण असतं. त्याचं काम सेटिंग्जमधून किंवा मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइज या मोफत सॉफ्टवेअरमधून बदलता येतं. वेबकॅम, स्पीकर, बोटाचा ठसा हे दुकानात दोन मिनिटांत कळतं, त्यावर इथे वेळ घालवत नाही.

उष्णता: दुकानातला एसी फसवतो

एकच प्रोसेसर दोन लॅपटॉपांत वेगळा चालतो, कारण एकाची कंपनी त्याला सलग १५ वॉट खर्चू देते आणि दुसऱ्याची २८. पातळ अंगात उष्णता बाहेर काढायला जागा नसली की चिप स्वतःचा वेग उतरवते. म्हणून प्रोसेसरच्या नावावरून वेग ठरवू नका.

लॅपटॉप हातात आला की सिनेबेंच हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर टाका आणि सगळ्या कोअरची चाचणी लागोपाठ तीन वेळा चालवा. तिसऱ्या वेळचे गुण पहिल्यापेक्षा १०-१२ टक्के कमी आले तर पातळ लॅपटॉपसाठी ते मान्य. २५-३० टक्के घसरले तर कूलिंग अपुरं आहे, किंवा पंख्यासमोरची जाळी झाकली गेली आहे. मॅकबुक एअरला पंखाच नाही, तिथे लांब कामात घसरण होणारच, तो तिचा दोष नव्हे. तासन्‌तास व्हिडिओ एक्सपोर्ट करणाऱ्याने पंख्याचं मशीन घ्यावं.

ही चाचणी २४ अंशांच्या एसीत करून निश्चिंत होऊ नका. नागपूर, अकोला, जळगावकडे मे महिन्यात खोलीत ३८-४० अंश असतं. बाहेरची हवा जेवढी गरम, तेवढीच भर आतल्या तापमानात पडते. दुकानात शांत वाटलेला पंखा तिथे दिवसभर घोंघावतो. बहुतेक लॅपटॉप हवा खालून घेतात, त्यामुळे गादी, उशी आणि चादर हे त्याचे शत्रू. मागची बाजू दोन-तीन सेंटिमीटर उचलली तरी फरक पडतो.

याच वेळी शांत खोलीत कान जवळ नेऊन ऐका. पंख्याच्या आवाजापेक्षा वेगळी, बारीक, किरकिरी शिटी येत असेल, विशेषतः पान सरकवताना किंवा चार्जिंगवर, तर ती आतल्या कॉइलची. वॉरंटीत हा दोष सहसा धरत नाहीत. बदलीची मुदत शिल्लक असतानाच मशीन परत करा.

झाकण मिटल्यावर झोपतो का?

महागड्या विंडोज लॅपटॉपची सर्वांत मोठी दुखरी नस हीच आहे आणि खरेदीच्या वेळी कुणी ती विचारत नाही. पूर्वी झाकण मिटलं की लॅपटॉप एस३ अवस्थेत जायचा: रॅम सोडून जवळपास सगळं बंद. आता बहुतेक नव्या मशीनमध्ये मॉडर्न स्टँडबाय असतं. त्यात लॅपटॉप फोनसारखा अर्धवट जागा राहतो, ईमेल आणतो, अपडेट उतरवतो. एखादा ड्रायव्हर किंवा नेटवर्क कार्ड नीट झोपलं नाही की बंद बॅगेत पंख्याला हवा मिळत नाही, मशीन तापतं आणि सकाळी भरलेली बॅटरी दुपारी रिकामी मिळते.

आपल्याकडे काय आहे ते असं तपासा:

१. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. इंग्रजीत ‘पॉवर’ लिहून त्याला जोडून ‘सीएफजी’, मग एक जागा सोडून ‘स्लॅश ए’ लिहा आणि एंटर दाबा. वरच्या यादीत ‘एस० लो पॉवर आयडल’ दिसलं तर मॉडर्न स्टँडबाय आहे.

२. रात्री चार्जर काढा, बॅटरीचा टक्का लिहून ठेवा, झाकण मिटा. चार्जर आधी, झाकण नंतर, हाच क्रम. काही मशीन चार्जरवर असताना झोपली तर नंतर वायर काढली तरी चार्जिंगवर असल्यासारखीच वागतात.

३. सकाळी टक्का बघा. आठ तासांत ३ ते ५ टक्के उतरले तर उत्तम. १० च्या वर गेले तर पुढची पायरी.

४. तीच कमांड, पण ‘ए’च्या जागी ‘स्लीपस्टडी’. एक अहवाल तयार होतो, तो ब्राउझरमध्ये उघडा. लाल रंगात दाखवलेल्या झोपेवर क्लिक केलं की कोणत्या घटकाने मशीन जागं ठेवलं ते नावानिशी दिसतं. बऱ्याचदा वायफाय किंवा ग्राफिक्सचा ड्रायव्हर निघतो. तो लॅपटॉप कंपनीच्या संकेतस्थळावरून अद्ययावत करा.

एवढ्यानेही भागलं नाही तर हायबरनेट लावा. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स उघडा, झाकण मिटल्यावर काय करायचं तिथे बॅटरी आणि चार्जर दोन्हींसाठी हायबरनेट निवडा. पर्याय दिसत नसेल तर आधी तीच कमांड ‘स्लॅश हायबरनेट ऑन’ जोडून चालवा. यात रॅममधलं सगळं एसएसडीवर उतरतं आणि मशीन खरोखर बंद होतं. उघडायला काही सेकंद जास्त लागतात, पण बॅगेत तापणं थांबतं. लोकलने किंवा एसटीने रोज लॅपटॉप नेणाऱ्याने पहिल्याच दिवशी हे करून टाकावं.

बॅटरी, चार्जर आणि अंगाला येणाऱ्या मुंग्या

बॅटरीचे तास जाहिरातीवरून नव्हे, वॉट-तासांवरून बघा. १४ इंचीत ६० ते ७५ वॉट-तास चांगले. १०० च्या वर लॅपटॉपची बॅटरी सहसा जात नाही, कारण विमानात परवानगीशिवाय नेण्याची मर्यादाच १०० वॉट-तास आहे. नवीन मशीनवर वरचीच कमांड ‘स्लॅश बॅटरीरिपोर्ट’ लावून चालवा. डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी हे आकडे जवळजवळ सारखे असायला हवेत आणि सायकल काउंट, म्हणजे बॅटरी किती वेळा पूर्ण वापरून भरली गेली तो आकडा, एक आकडी. नवीन म्हणून आलेल्या मशीनमध्ये चाळीस सायकल दिसल्या तर ते डेमोचं किंवा परत आलेलं आहे. एसएसडी किती तास चालली आहे हे क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं सॉफ्टवेअर सांगतं, तेही याच दिवशी पडताळा.

दिवसभर टेबलावर चार्जिंगला लावून काम असेल तर ८० टक्क्यांची मर्यादा घाला. लेनोवो व्हँटेज, मायएसूस अशा कंपन्यांच्या ॲपमध्ये किंवा बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंग्जमध्ये, ती सोय असते. भरलेली बॅटरी गरम अंगात महिनोन्‌महिने ठेवली की लवकर म्हातारी होते आणि कधी फुगते. टचपॅड वर उचलल्यासारखा वाटला किंवा दाबला जाईनासा झाला तर लगेच वापर थांबवा, चार्जर काढा आणि सर्व्हिस सेंटर गाठा. टोचून किंवा दाबून बघू नका.

यूएसबी-सी चार्जिंग असलेलाच लॅपटॉप घ्या आणि शक्यतो दोन्ही बाजूंना. वायर मात्र जपून निवडा: साधी सी-टू-सी केबल ६० वॉटपर्यंतच, १०० वॉटला ५ अँपिअरची, त्याहून जास्त लागणाऱ्या मशीनला २४० वॉट छापलेली. ‘स्लो चार्जर’ असा इशारा आला की आधी केबल बदलून बघा.

ॲल्युमिनियमच्या लॅपटॉपवर मनगट टेकवलं की चार्जिंगच्या वेळी मुंग्या आल्यासारखं वाटतं, ही आपल्याकडची फार जुनी तक्रार. दोन पिनांच्या ॲडॉप्टरमधल्या फिल्टर कपॅसिटरमधून अगदी बारीक प्रवाह बाहेरच्या धातूवर येतो आणि अर्थिंग नसल्याने तो तुमच्या हातातून वाट काढतो. प्रमाण मर्यादेत असतं, पण त्रासदायक असतं. तीन पिनांचा, अर्थिंग असलेला ॲडॉप्टर वापरा. तरीही थांबलं नाही तर सॉकेटच्या तिसऱ्या भोकाला वायरच जोडलेली नसण्याची शक्यता आहे, जुन्या घरांत हे सर्रास असतं. इलेक्ट्रिशियनकडून फेज आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजून घ्या, ते २३० च्या आसपास आलं पाहिजे.

दुरुस्ती: विकत घेण्याआधी मॅन्युअल वाचा

लेनोवो, डेल आणि एचपी आपल्या बहुतेक मॉडेलांचं सर्व्हिस मॅन्युअल संकेतस्थळावर मोफत ठेवतात. मॉडेल पक्कं करण्याआधी त्यातल्या तीन गोष्टी बघा. बॅटरी स्क्रूने बसवली आहे की गोंदाने. यूएसबी-सी पोर्ट वेगळ्या लहान बोर्डावर आहे की थेट मदरबोर्डवर. वेगळ्या बोर्डावर असेल तर पोर्ट गेल्यावर खर्च काही हजारांवर थांबू शकतो. आणि कीबोर्ड एकटा निघतो की वरचं अख्खं झाकण बदलावं लागतं.

युरोपीय संघाच्या नियमाने फेब्रुवारी २०२७ पासून लॅपटॉपसारख्या उपकरणांची बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः बदलता यायला हवी. तिथल्यासाठी बदललेली रचना इथेही येईल अशी आशा ठेवायला जागा आहे. भारतात ग्राहक व्यवहार विभागाचं राइट टू रिपेअर पोर्टल डिसेंबर २०२२ पासून आहे.

‘मिल-एसटीडी-८१०एच’चा शिक्का बघून लॅपटॉप पाण्याला तोंड देईल असं समजू नका. ती चाचण्यांची मोठी यादी आहे आणि त्यातल्या कोणत्या करायच्या ते कंपनी ठरवते. चहा सांडला तर पॉवर बटण दहा सेकंद दाबून मशीन बंद करा, वायर काढा, उलटं धरून निथळू द्या आणि तसंच सर्व्हिसला न्या. तांदळात पुरल्याने आतली साखर आणि दूध निघत नाही. अपघाती नुकसानीचं संरक्षण याचसाठी घ्यायचं असतं. ते बहुधा खरेदीनंतर ठरावीक दिवसांतच मिळतं.

वॉरंटीच्या कागदावर ‘ऑनसाइट’ लिहिलं असेल तरी तुमच्या पिनकोडला ती सेवा आहे का, हे कंपनीच्या हेल्पलाइनला विचारूनच बिल करा. लॅपटॉपला तीन वर्षांची वॉरंटी असली तरी बॅटरीला पुष्कळदा एकाच वर्षाची असते, तेही विचारा. अमेरिकेतल्या भावाकडून किंवा मुलीकडून मागवणार असाल तर १८ वर्षांवरील प्रवाशाला एक लॅपटॉप शुल्काशिवाय आणता येतो, पण त्याच मॉडेलची वॉरंटी भारतात चालते का हे सीरियल नंबर टाकून आधी तपासायला सांगा. ऑनलाइन घेतला तर खोक्याची सीलं दिसतील असा उघडतानाचा सलग व्हिडिओ काढा, पहिल्या तीन दिवसांत वरच्या सगळ्या चाचण्या उरका आणि दोष सापडला तर फोनवर न बोलता लेखी तक्रार करा. विक्रेत्याने टाळाटाळ केली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, तिथे बिल, सीरियल नंबर आणि तो व्हिडिओ मागतील.